तारे-तेजोमेघांचा एलआरजीबी फोटो प्रोसेस करताना शार्पनिंग नेमकं कधी करावं?

ल्युमिनन्स (उजेड), लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे फिल्टर वापरले असतील, तर शार्पनिंग चॅनल जोडण्याआधी की नंतर, असा प्रश्न आहे. खरं शार्पनिंग आधीच करावं, तेही फक्त ल्युमिनन्सवर.

डीकॉन्व्होल्यूशन डेटा लिनिअर असतानाच, म्हणजे स्ट्रेच करण्याआधी (अंधुक भाग दिसावेत म्हणून फोटो उजळण्याआधी) उरकून घ्या. वातावरण आणि ऑप्टिक्समुळे प्रत्येक बिंदू किती पसरला, ते ताऱ्यांच्या आकारावरून कळतं आणि ही पद्धत तो पसारा उलटा आवरते. स्ट्रेच केलं की ताऱ्यांचा तो आकारच बदलतो, मग हिशोब जुळत नाही. नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले खरखरीत ठिपके कमी करणं, तेही डीकॉन्व्होल्यूशननंतरच. ताऱ्यांभोवती काळी कडी दिसायला लागली, की जोर जास्त झाला असं समजा. लगेच कमी करा.

रंगाचे चॅनल शार्प करत बसू नका. डोळा बारकावे टिपतो ते उजेडाच्या फरकावरून, त्यामुळे रंग थोडा मऊ असला तरी चालतो.

स्ट्रेचनंतर एक हलका हात जरूर फिरवा. उदाहरणार्थ, एम५१ या सर्पिल आकाशगंगेच्या भुजांमधले धुळीचे काळे पट्टे लोकल कॉन्ट्रास्टने सुरेख उठतात. फक्त मास्क लावून पार्श्वभूमी झाका, नाहीतर आकाशातला नॉइजच धारदार होईल.

नॅरोबँडमध्ये, म्हणजे प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच घेणारे फिल्टर वापरताना, बहुतेक उत्सर्जन तेजोमेघांसाठी हायड्रोजनचा एच-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) सर्वांत भक्कम असतो. शार्पनिंग त्यावर करा. ऑक्सिजनचा ओ-थ्री फिका असेल तर त्याला नॉइज रिडक्शनच द्या.