परमुलखातलं शेत

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

ईस्टरला स्लोव्हाकियातल्या नित्राच्या प्रिबिना कप या ग्लायडिंग स्पर्धेत उडणार आहेस हे वाचून मला किती आनंद झाला, सांगता येत नाही. हडपसरला ज्या सुपर ब्लानिकमध्ये तू एकटीनं पहिली फेरी मारलीस, ते बिनइंजिनाचं ग्लायडर मूळचं चेकोस्लोव्हाकियाचं. आता जर्मनीतून ट्रेलर घेऊन तू त्याच मुलखाकडे निघालीस.

लायसन्स, मेडिकल, विमा, ग्लायडरचे कागद यांबद्दल तुला सांगायला नको. मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. घरच्या मैदानावर आपलं निम्मं उड्डाण ओळखीवर चालतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. तुझ्या जर्मनीतल्या श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या कोणत्या कड्यावर दुपारी थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत, उठतो, कुठलं शेत उताराचं आहे, कुठून तारा गेल्या आहेत, हे तुला पाठ झालंय. नित्रात ही ओळख शून्य. हात तेच, ग्लायडर तेच, म्हणून आत्मविश्वासही तोच राहतो. धोका तिथे आहे.

माझ्या पहिल्या परदेशी स्पर्धेत मी पुढच्या ग्लायडरांच्या घोळक्याच्या मागे गेलो. ते वर चढले, मी खाली राहिलो, आणि ‘आणखी एक थर्मल मिळेल’ म्हणत उतरायला शेत निवडायचं लांबवलं. शेवटी उरली ती फुललेली रेपसीडची पिवळी शेतं. वरून गालिच्यासारखी दिसतात, पण पीक कमरेएवढं असतं. पंखाचं टोक त्यात अडकलं, ग्लायडर गर्रकन फिरलं आणि शेपटी मोडली. मला खरचटलंही नाही, पण त्या हंगामात मी पुन्हा उडलो नाही. एप्रिलअखेरीस तिथे रेपसीड भरपूर असतं. तू नुकतीच पेरणी झालेली किंवा वीतभर गव्हाची शेतं हेर. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, खांब शोध. चढ असेल तर चढाच्या दिशेनंच उतर.

उंचीचा हिशेब घरच्यापेक्षा सढळ ठेव. जमिनीपासून ६०० मीटरवर उतरण्याजोगा भाग नजरेत हवा, ४५० वर नेमकं शेत, आणि ३०० वर निर्णय पक्का. त्यानंतर थर्मल लागला तरी मोह नको. आणि हे आकडे ‘जमिनीपासून’चे आहेत. अल्टिमीटर समुद्रसपाटीवर लावलेला असेल, तर नित्राच्या सपाटीवरून उत्तरेला प्रिएविद्झाकडे जाताना जमीन हळूहळू वर येते. तिथलं गाव सुमारे २८० मीटरवर आहे. काटा ६०० दाखवत असेल, तेव्हा तुझ्याखाली जेमतेम ३२० मीटर हवा असते. हवाई हद्दी नकाशावर फुटांत आणि तुझा काटा मीटरमध्ये, हेही आदल्या रात्री कागदावर मांडून ठेव. हद्दीत शिरलीस तर दिवसाचे गुण जाऊ शकतात.

तुझं एलएस-४ ग्लायडर कागदावर एकास चाळीस जातं, म्हणजे एक मीटर उतरताना चाळीस मीटर पुढे. पहिले दोन दिवस तू एकास वीसच धर. १००० मीटरवरून ४० नाही, २० किलोमीटर. मॅकक्रेडीचा आकडाही, म्हणजे पुढचा थर्मल किती जोरदार मिळेल याचा अंदाज, कमीच लाव. पहिल्या दिवशी मागे राहिलीस म्हणून स्पर्धा संपत नाही.

स्टार्टआधीच्या घोळक्यात मात्र फार जप. थर्मलमध्ये जो आधी वळतो त्याच्याच दिशेनं सगळ्यांनी वळायचं. टक्कर टाळायचा इशारा देणारं फ्लार्म वाजेल, पण डोळे बाहेर हवेत. नित्राजवळच्या झोबोरच्या डोंगरापाशी पांढरे करकोचे घिरट्या घालताना दिसले तर जरूर बघ. याच जातीचे पाहुणे हिवाळ्यात आपल्याकडेही येतात. हवा कुठे उठते हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं.

आउटलँडिंग झालं, म्हणजे मैदानाऐवजी शेतात उतरावं लागलं, तर आधी ग्लायडर बांधून ठेव, मग शेतकऱ्याला शोध. ‘दोब्री द्येन’ म्हण. ‘ग्लायडर उतरलं आहे, कुणाला लागलेलं नाही, माझी माणसं ट्रेलर घेऊन येत आहेत’ हे स्लोव्हाकमध्ये लिहिलेला कागद आधीच खिशात ठेव. तो मी कुणाकडून तरी लिहून घेऊन तुला पाठवतो आहे. आणि ट्रेलरच्या कुलपाची दुसरी किल्ली कॉकपिटमध्ये नको, गाडी चालवणाऱ्याकडे दे.

पहिल्या दिवशी कुठे उतरलीस, शेतात की मैदानावर, तेवढं संध्याकाळी कळव. मी फोनपाशीच असेन.

तुझा,
काका