काच-स्पंज ओळखताना आकाराला भुलू नका

काच-स्पंज, म्हणजे सिलिकाचा सांगाडा असलेला समुद्री प्राणी, फुलदाणीसारखा दिसला म्हणून लगेच प्रजातीचं नाव लिहून मोकळं होऊ नका. मुळांसारखा झुपका हीसुद्धा खात्रीची खूण नाही: हायलोनेमा आणि युप्लेक्टेला या दोन्ही काच-स्पंजांना तो असतो, आणि ते दोन वेगळ्या उपवर्गांतले आहेत.

खरी ओळख सिलिकाच्या कंटिकांवरून, म्हणजे सांगाड्यातल्या काचेसारख्या सुयांवरून, पटते. सहा टोकांची, तीन काटकोनी अक्षांवर बेतलेली कंटिका दिसली की तुम्ही हेक्झॅक्टिनेलिडात, म्हणजे काच-स्पंजांच्या वर्गात, आहात. पुढचा निवाडा सूक्ष्म कंटिका करतात. दांडीच्या दोन्ही टोकांना छत्र्या असतील तर उपवर्ग अँफिडिस्कोफोरा. सहा किरणांची टोकं फुटून चांदणीसारखी झाली असतील तर उपवर्ग हेक्सास्टेरोफोरा.

बाहेरचा पृष्ठभाग, आतली पोकळी आणि बूड, तिन्हीकडून तुकडे घ्या, कारण जागेनुसार कंटिका बदलतात. ऊतक ब्लीचमध्ये विरघळवा, मग धुताना धीर धरा. गाळ नीट बसायच्या आत पाणी ओतलंत तर नेमक्या सूक्ष्म कंटिकाच वाहून जातील. फारियासारख्या काच-स्पंजांचा मोठा सांगाडा सांधलेला असल्याने ब्लीचनंतरही अखंड उरतो. त्याच्यासोबत सुट्या कंटिकाही शोधा.

ऊतकात वेगवेगळ्या पेशींच्या भिंती शोधत बसू नका. बहुतेक शरीर एकसंध, बहुकेंद्रकी जाळं आहे. मज्जातंतू नसूनही त्यातून विद्युत संदेश पसरतो आणि पाण्याचा प्रवाह थांबतो. मला तर वर्गीकरणापेक्षा हेच जास्त भुरळ घालतं. भुरळ घालण्यात याला टक्कर देते ती फक्त मोनोरॅफिस या काच-स्पंजाची तीन मीटरपर्यंत वाढणारी एकच कंटिका!