पहिला स्मोकर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : डॅलसच्या उपनगरात घर घेतले, मागे चांगले अंगण आहे. दुकानात आडवी टाकी आणि शेजारी छोटी भट्टी असा ऑफसेट स्मोकर (मांस धुरावर मंद शिजवायचे उपकरण) अडीचशे डॉलरला पाहिला. टेक्सासचे खरे बार्बेक्यू त्यावरच होते असे सगळे सांगतात. घ्यावा का? खर्चाची तयारी पाचशेपर्यंत आहे.

हा घेऊ नका. नामांकित बार्बेक्यूवाल्यांकडे ऑफसेट असतात हे खरे, पण त्यांचा पत्रा पाव इंच किंवा त्याहून जाड असतो. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूमधले ऑफसेट तर हजार गॅलनच्या प्रोपेन टाक्यांपासून बनवलेले आहेत. जाड लोखंड एकदा तापले की उष्णता धरून ठेवते. तुम्ही पाहिलेल्या टाकीचा पत्रा पातळ. वाऱ्याची झुळूक आली तरी तापमान खाली येते आणि लाकूड घातले की भसकन वर जाते. झाकणाच्या आणि भट्टीच्या दाराच्या फटींतून हवा आत शिरते, त्यामुळे व्हेंट (हवेच्या झडपा) बंद करूनही आग आवरत नाही. भट्टीकडची बाजू आणि धुराड्याकडची बाजू यांत ५० अंश फॅरनहाइटचाही फरक पडतो. दर अर्ध्या-पाऊण तासाला लाकूड घालत बारा तास बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. पण ती हौस जाड पत्र्यावरच भागवावी, आणि तो पाचशेत येत नाही.

तुमच्यासाठी उभा, कोळशावर चालणारा बुलेट स्मोकर बरा. वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन १९८१पासून बाजारात आहे. तो १४, १८ आणि २२ इंच व्यासांत मिळतो, त्यातला १८ घ्या. १४मध्ये मोठा तुकडा मावत नाही, आणि २२ला कोळसा फार लागतो, रोज वीस माणसे जेवायला येणार असतील तरच तो घ्यावा. रचना साधी आहे : तळाला कोळशाची रिंग, मध्ये पाण्याचे पातेले, वर दोन जाळ्या. पातेल्यातले पाणी आगीचा भडका सोसते आणि तापमान सावरते. नवख्याने ते रिकामे ठेवू नये. पाणी गरम करूनच ओतावे, नाहीतर कोळशाची पहिली ताकद ते तापवण्यातच जाते.

आग लावायची पद्धत ‘मिनियन’ नावाने ओळखली जाते. रिंग न पेटवलेल्या ब्रिकेट्सनी (कोळशाच्या दाबलेल्या वड्यांनी) भरा, मुठीएवढे लाकडाचे तीन-चार ठोकळे त्यांत खुपसा आणि चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात) राखाडी होईपर्यंत पेटवलेल्या १५-२० ब्रिकेट्स वर पसरा. आग वरून खाली हळूहळू सरकत जाते आणि एका भरणीत आठ-दहा तास निघतात. वरचा व्हेंट पूर्ण उघडा. तापमान खालच्या तीन व्हेंटनी राखायचे, तेही वेळेत : काटा २०० अंश फॅरनहाइट दाखवू लागला की खालचे निम्मे मिटा. २५० ओलांडल्यावर मिटायला गेलात तर तासभर मागे धावाल. चढलेले तापमान उतरवणे फार जिकिरीचे. रोख २२५ ते २५०वर ठेवा.

उरलेल्या पैशांत दोन सुयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या, एक सुई मांसात, एक जाळीलगत. झाकणावरची तबकडी जाळीपेक्षा २५-५० अंश चुकते. सुई उकळत्या पाण्यात बुडवून तपासा, २१२ दिसले पाहिजे. (डेन्व्हरच्या उंचीवर २०२च्या आसपास.)

प्रश्न : आमच्याकडे २२ इंची केटल ग्रिल (गोल, झाकणाची कोळशाची शेगडी) आहे. तरी स्मोकर घ्यावाच लागेल का?

अजिबात नाही. केटलच्या कडेने ब्रिकेट्सची दुहेरी, दोन थरांची माळ अर्ध्या ते पाऊण वर्तुळात रचा, वर लाकडाचे चार-पाच ठोकळे ठेवा आणि एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या ब्रिकेट्स टेका. रिकाम्या भागात पाण्याचे भांडे, त्यावरच्या जाळीवर मांस. झाकणाचा व्हेंट मांसाच्या डोक्यावर यावा, म्हणजे धूर त्याला वळसा घालून बाहेर पडतो. अशी माळ सहा तास तरी चालते. पाच-सहा वेळा करून पाहा. मग वेगळा स्मोकर हवा की नको हे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : दोघेही नोकरी करतो, मुले लहान आहेत. पेलेट ग्रिलमध्ये नुसते बटण दाबायचे म्हणतात. त्यात काही खोट?

खोट नाही, पण आग यंत्राच्या हाती सोपवावी लागते. जो ट्रेगर यांनी ऑरेगनमध्ये ही कल्पना रूढ केली. ऑगर हा मळसूत्री दांडा पेलेट, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, भट्टीच्या वाटीत ढकलतो, तापलेली कांडी त्यांना पेटवते आणि पंखा हवा देतो. २२५ला तासाला साधारण एक पौंड पेलेट लागतात. पंख्यामुळे जळण स्वच्छ होते, म्हणून धुराची चव कोळशापेक्षा सौम्य येते. तक्रारी येतात त्या बहुधा दोन. पेलेट ओले झाले की फुगून भुसा होतात आणि ऑगर अडकतो, म्हणून पावसाळी हवेत हॉपर (पेलेट भरायचा डबा) रिकामा करून ठेवा. आणि काम झाल्यावर प्लग उपटू नका. शटडाउनचे बटण दाबले की पंखा चालू राहतो आणि वाटीतले उरलेले पेलेट जळून जातात. ते तसेच राहिले तर आग मागे ऑगरकडे चढू शकते. दर दोन-तीन वेळांनी वाटीतली राख व्हॅक्यूमने काढा, पूर्ण थंड झाल्यावर.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या टाउनहाउसच्या बाल्कनीत छोटा स्मोकर चालेल का?

कोळशाचा नाही. अनेक ठिकाणच्या अग्निनियमांत बहुकुटुंबी इमारतींच्या बाल्कनीत किंवा इमारतीपासून दहा फुटांच्या आत कोळशाची आग चालत नाही. विजेच्या कपाटी स्मोकरबद्दल सोसायटीचे नियम आधी वाचा. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, काहीच पेटवू नका : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : पहिल्याच वेळी चिकन केले. चव कडू आणि साल रबरासारखी. कुठे चुकले?

चुका दोन. कडूपणा पांढऱ्या, दाट धुराचा. हवा कमी पडून लाकूड धुमसले की धुरातले काजळीचे चिकट तेल मांसावर बसते. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा हवा. त्यासाठी वरचा व्हेंट उघडा ठेवा आणि पेटवल्यावर अर्धा तास थांबून, धूर निवळल्यावरच मांस आत घाला. ढलप्या पाण्यात भिजवायचा सल्ला सोडून द्या, आधी वाफ निघते आणि धूर लांबतो. चीडसारखे (पाइन) राळेचे किंवा रंगवलेले लाकूड वापरू नका. सालीचे म्हणाल तर कोंबडीला २२५ची गरजच नाही. ३२५ला करा, पाण्याचे पातेले काढून. मांडीत १६५च्या पुढे, १७५पर्यंत गेले तरी बिघडत नाही.

प्रश्न : घरात गोमांस, डुकराचे मांस चालत नाही. बोकडाची रान (अख्खी मांडी) धुरावर होईल का?

होईल. खाटकाला आधीच बजावा, नाहीतर तो सवयीने तुकडे करून देईल. चार-पाच पौंडांच्या रानीला आदल्या रात्री पौंडामागे अर्धा छोटा चमचा जाड मीठ चोळा. सकाळी तिखट, धने-जिरे, मिरी कोरडीच लावा. कांदा-खोबऱ्याचे वाटण लावू नका, ते ओलसर लगदा होऊन बसते आणि वर खरपूस कवच धरत नाही. २५०वर ठेवा. आतले तापमान १५०-१७०च्या दरम्यान तासन्‌तास अडून बसेल. घाबरून आग वाढवू नका : माठ पाझरून पाणी गार होते तसेच मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून ते थंड होत असते. बोकडाला चरबी कमी, म्हणून १६०ला अर्धी वाटी पाण्यासह दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि २००च्या आसपास सुई लोण्यात शिरावी तशी जाईपर्यंत थांबा. सगळे मिळून सहा तास धरा. मग फॉइलसकट अर्धा तास झाकून ठेवा. आत सुटलेले पाणी टाकू नका, ते आणि ते न लावलेले वाटण एकत्र आले की तांबडा रस्सा तयार.

प्रश्न : आम्ही मुळशीजवळ शेतावर राहतो. दोनशे लिटरच्या ड्रमचा स्मोकर करून घ्यावा म्हणतो.

चालेल, पण ड्रममध्ये आधी काय होते ते विचारा. रसायनांचा ड्रम कितीही धुतला तरी नको. आतून अस्तर असेल तर लाकडाची मोठी आग लावून ते पूर्ण जाळून काढा आणि घासून टाका. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, जाळ्या, खिळे वापरू नका, तापल्यावर त्यांतून विषारी धूर निघतो. तळाला पाऊण इंची तीन-चार छिद्रे पाडा, त्यांवर फिरणारी झाकणे बसवा आणि कोळशाची टोपली तळापासून चार इंच वर ठेवा. तीवर साधारण दोन फुटांवर जाळी. लोणारी कोळसा ब्रिकेटपेक्षा जोरात पेटतो, तेव्हा छिद्रे सुरुवातीपासून थोडीच उघडी ठेवा. लाकूड आंब्याचे किंवा बाभळीचे, पूर्ण वाळलेले. पहिल्यांदा आत तेलाचा हात फिरवून दोन-तीन तास रिकामाच तापवा.

आणि भरताची वांगी यात घालू नका. त्यांना थेट निखारा लागतो.