कळसूबाई: चढण्याआधीचे चार प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी): पन्हाळा, जोतिबा पायी करतो. कळसूबाई एका दिवसात जमेल का?

जमेल. राज्यातलं हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून आठशे मीटरहून जास्त चढ पडतो. वर जायला तीन-चार तास, उतरायला अडीच-तीन. मात्र कोल्हापुरातून रात्रभर गाडी हाणून थेट चढायला लागू नका. पुणे, संगमनेर, अकोले, राजूरमार्गे आदल्या संध्याकाळी बारीत मुक्कामाला पोचा आणि पहाटे पाचला निघा.

प्रश्न (इचलकरंजी): आई सोबत आहे, तिला शिड्यांची भीती वाटते.

शिड्या लोखंडी आहेत. चढताना त्या फारसा त्रास देत नाहीत, तोल जातो तो उतरताना. लोक दरीकडे तोंड करून उतरतात. मग टाच पायरीवर अर्धीच टेकते आणि पाठीवरची सॅक वरच्या पायरीला अडकून पुढे ढकलते. म्हणून तोंड शिडीकडेच हवं. एका हाताची पकड पक्की झाल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही. बुटांचा चिखल शिडीआधीच दगडावर घासून काढा, काठी सॅकला बांधा. आई चढताना तुम्ही मागे राहा. उतरताना दोन पायऱ्या खाली थांबून पाऊल कुठं टेकायचं ते सांगत चला. रविवारी शिड्यांवर रांग लागते आणि मागचे घाई करतात. आईसाठी सुट्टी काढून मधल्या वारी जाणंच बरं.

प्रश्न (गडहिंग्लज): पाणी किती न्यावं? पावसाळ्यात जावं का?

माणशी तीन लिटर. माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात वाट चुकते, माथ्यावर वारा उभं राहू देत नाही. वीज कडाडू लागली तर शिडी आणि कठडे सोडून लांब, खोलगट जागी बसा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरावा.

प्रश्न (कागल): फुलं कधी बघायला मिळतील?

सप्टेंबरमध्ये सोनकी आणि तेरडा. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे निघण्याआधी बारीत विचारून घ्या. हा भाग १९८६पासून अभयारण्य आहे, फुलं तोडू नका. आकाश निवळ असेल तर माथ्यावरच्या देवीच्या देवळापासून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी दिसतं. नवरात्रात मात्र वर जत्रा असते; शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा.