एमआरआय 'काढतात' की 'करतात'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: पुण्यात सगळेच 'एक्स-रे काढला', 'एमआरआय काढला' म्हणतात, सोनोग्राफी मात्र 'केली' म्हणतात. डॉक्टर तर 'एमआरआय करून घ्या' असं सांगतात. मग 'काढणे' अशुद्ध का?

अजिबात नाही. उलट हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. आपण विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, दारात रांगोळी काढतो. आतलं बाहेर आणणं आणि रेखाटणं, दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही घडतं. जुनी माणसं तर सरळ 'छातीचा फोटो काढला' म्हणतात. तेही बरोबरच, कारण एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रॉन्टगेन यांनी १८९५च्या डिसेंबरात पत्नीच्या हाताची हाडं टिपली ती फोटोच्या काचेवरच. बोटातली अंगठीही त्यात उमटली होती.

आता ईसीजी पाहा. तोही आपण 'काढतो', कारण कागदाची पट्टी हाती येते. एंडोस्कोपी मात्र 'करतात'. सोनोग्राफीत डॉक्टर पोटावर जेल लावून प्रोब फिरवत राहतात आणि पडद्यावर बघता बघताच निदान करतात. छापील चित्र मिळतं, पण मुख्य काम त्या हाताचं असतं. म्हणून 'केली'. हा नियम कुणी शिकवलेला नाही, कानाने घडवला आहे. त्याला अपवादही सापडतील. 'सोनोग्राफी काढली' मी ऐकलं आहे.

डॉक्टरांच्या तोंडी 'करून घ्या' येतं कारण त्यांच्या मनात तपासणी असते. संशोधनातही 'करणे'च बसतं. फंक्शनल एमआरआयमध्ये माणूस आत पडून काही वाचत असतो, बोट हलवत असतो, आणि यंत्र दर दोन-तीन सेकंदांनी मेंदूतल्या रक्तातल्या प्राणवायूचा बदल टिपत जातं. ते एक चित्र नव्हे, शेकडो चित्रांची मालिका. तिथे 'काढला' तोकडं पडतं.

एक काळजी मात्र घ्या. 'पित्ताशयाचा एमआरआय काढला' आणि 'पित्ताशय काढलं' यात फोनवर एखादा शब्द गाळला, तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा 'एमआरआय' हा शब्द खाऊ नका.

अशा तपासण्यांसाठीचा (इमेजिंगसाठीचा) 'प्रतिमांकन' हा शब्द परिभाषेत राहू द्या, पण रुग्णाच्या हाती द्यायच्या कागदावर तो नको. तिथे 'एमआरआय काढायचा आहे, धातूचे दागिने घरी ठेवा' असंच लिहावं.

फिल्मच्या जागी आता बरेचदा सीडी किंवा फोनवर लिंक मिळते. तरी गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका सेंटरच्या पायरीवर एक मावशी मुलीला फोनवर सांगत होत्या, "काढला गं बाई एकदाचा! अर्धा तास आत होते, नुसती ठकठक ठकठक."