पहिली रात्र जवळची

लेकरा,

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, "काका, दीड वर्षाच्या लेकराला तंबूत न्यावं का?" आई नाही म्हणते, बायको हो म्हणते, मित्रांनी कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलाचा बेत पक्का केलाय. न्यायचंच, त्यावर मी शाई वाया घालवत नाही. कुठं न्यायचं तेवढं ऐक. घरापासून अर्ध्या तासावर, त्याच्या पुढं नाही.

1998 च्या डिसेंबरात आमची थोरली वीस महिन्यांची होती. परभणीहून जीपनं कन्नड गाठेपर्यंतच ती आंबून गेली. डोंगराच्या पायथ्याशी ओळखीच्या शेतात आम्ही तंबू ठोकला. रात्री अकराला तिनं रडं धरलं. वाऱ्यानं कापड फडफडलं की किंचाळायची, "घली, घली" एवढंच म्हणायची. मी म्हणत राहिलो, दमली की झोपेल. तिची आई म्हणाली, परत जाऊ. कुठं जाणार? घर पाच-सहा तासांवर, जीप मित्राची, सोबत आणखी दोन बिऱ्हाडं. पहाटेपर्यंत ती पोरीला पोटाशी धरून जीपच्या मागच्या सीटवर बसली. त्यानंतर ती कधीच रानात मुक्कामाला आली नाही. पोरीला त्यातलं काही आठवत नाही, तिच्या आईला सगळं आठवतं.

लोक आजही म्हणतात, लेकरू मोठं होऊ द्यायचं होतं. मी ते मान्य करत नाही. चूक वयाची नव्हती, अंतराची होती. धाकट्याला तर मी सोळाव्या महिन्यातच नेलं, पण आपल्या शेतातल्या आखाड्यावर, सात किलोमीटर. पहिल्या खेपेला साडेदहालाच वाकळीत गुंडाळून घरी आणला. दुसऱ्या खेपेला उजाडेपर्यंत झोपला. मला हे आधी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तुला इतकं लिहितोय.

"मित्र काय म्हणतील" असं तू तीनदा म्हणालास, तेव्हा मला राग आला. मीही त्या रात्री मित्रांच्या तोंडाकडंच बघत होतो. गौताळा 1986 पासून अभयारण्य आहे, तिथं मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, आणि लेकरू बिथरलं तर रात्री दोनला उचलून निघता येत नाही. लेकरू चार वर्षांचं झालं की जा. आता मामाचा आखाडा बघ. अर्धा तास.

तंबू आधी दोन-तीन दिवस घरातच उभा कर, त्यात खेळू दे, दुपारची झोप तिथंच होऊ दे. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि थंडी जमिनीतून वर येते. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं, खाली दोन वाकळी. ऊब यावी म्हणून शेगडी तंबूत घ्यायची नाही, निखाऱ्यांच्या वायूनं झोपेतच जीव जातो. तंबू कडब्याच्या गंजीपासून लांब ठोक, तिथं विंचू-साप असतात. मण्यार रात्रीच फिरते, झोपलेल्याला चावली तरी कळत नाही. चेन पूर्ण ओढलेली पाहिजे. सकाळी बूट झटकून घाल.

आणि मामाचं शेततळं. विहिरीला सगळे घाबरतात, शेततळ्याला कुणी घाबरत नाही. त्याच्या प्लॅस्टिकवरून मोठा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, आणि बुडणारं लेकरू ओरडत नाही. कुंपण नसेल तर तिथं जाऊच नको, दुसऱ्या कुणाचं शेत बघ. कुंपण असलं तरी लेकरावर एकाच माणसाची नजर हवी. "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही. हुरडा मोठ्यांनी खावा. त्याला दाणे, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. मऊ वरण-भात घरूनच ने.

आईला सोबत घे. ती नाही म्हणते ती भीतीनं. रात्री घर जवळ आहे हे तिलाही कळू दे.

अंधार पडायच्या आत जेवण उरकून घ्या. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्याच गाण्यानं निजव. अर्धा तास रडलं की तंबू, भांडी, सगळं तिथंच टाकून निघ. सामान सकाळी आणता येतं. त्या रात्री गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेव, किल्ली उशाशी.

तुझा काका