पाणी टेलला कधी पोचतं? वाचकांचे प्रश्न, नानांची उत्तरं

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप धरून जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याच्या वर पाटपाण्याचेच होते, म्हणून ही सगळी पानं त्यालाच दिली. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी जळगाव जिल्ह्यात कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि माझं गाव पांझरेकाठचं, त्यामुळे पाणी सोडणारा आणि पाण्याची वाट बघणारा अशी दोन्ही माणसं माझ्या घरातलीच.

नाना, आमचं वावर चारीच्या (कालव्यातून निघालेल्या छोट्या पाटाच्या) पार शेवटी, टेलला आहे. धरण भरलेलं असतं, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटतं, पण आमच्यापर्यंत पाणी एक तर येतच नाही, नाहीतर रात्री दोन वाजता येतं आणि उजाडायच्या आत बंद. वरचे लोक पाणीपट्टी थकवतात तरी त्यांच्या वावरात डबकी साचलेली. मग आम्हीच का भरायची? — भडगाव तालुक्यातून एक शेतकरी

भाऊ, तुमचा राग खरा आहे. तरी पाणीपट्टी थांबवू नका. थकबाकी असली की नमुना ७ चा पाणी अर्ज तिथंच अडतो, आणि मग तुम्ही कागदावर पाणी मागितलेलंच नसतं, म्हणजे भांडायला उभं राहायची जागाही गेली. पण हे झालं वरवरचं उत्तर. खरं उत्तर मला नोकरीत एका रात्री मिळालं ते सांगतो.

डिसेंबर होता, गव्हाला दुसरं पाणी चाललेलं. टेलचे एक आबा माझ्या घरी आले, म्हणाले चल माझ्यासोबत, कागद नको दाखवू. आम्ही दोघं बॅटरी घेऊन टेलपासून वर चारीनं चालत निघालो. टेलला चारी कोरडी, तळाला भेगा. थोडं वर गेलो तर घोट्याएवढं पाणी. आणखी वर, आउटलेटमध्ये गोणपाट आणि पऱ्हाट्या कोंबून पाणी अडवलेलं, एका ठिकाणी तर भरावातून सरळ पाईप घातलेला आणि पलीकडं गहू पाण्यात उभा. तो पाईप ज्याचा होता तो आबांच्या नात्यातलाच निघाला, त्याला उठवलं, तो काही लाजला नाही. म्हणाला, आबा, पुढची पाळी येईल का नाही कोण सांगतं? आली तर आली, आज घरी भरून ठेवलेलं बरं.

मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस विचार केला. तो माणूस चोर नव्हता, तो घाबरलेला होता. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी मिळालंच पाहिजे, ते चुकलं की उत्पन्न पडलं. त्यामुळे ज्याला तारखेची खात्री नाही तो मिळेल तेव्हा दुप्पट घेतो. त्याच्या वावरात जे जास्तीचं पाणी जातं त्यानं त्याचा एखादा क्विंटलही धड वाढत नाही, उलट पाणी साचून जमीन चिबडते, पण तेच पाणी टेलच्या कोरड्या वावराला मिळालं असतं तर अख्खं पीक वाचलं असतं. दोघांचं मिळून नुकसानच. आणि हे सगळं पाण्याची टंचाई नसताना.

लोक म्हणतात पाणीपट्टी वाढवा म्हणजे उधळपट्टी थांबेल. मला ते पटत नाही, निदान एकट्यानं ते पुरत नाही. पाणीपट्टी जर एकरावर आणि पिकावर लागत असेल तर एकदा भरली की दोन इंच घ्या का सहा इंच घ्या, पैसे तेवढेच! मग कमी कोण घेईल? दर वाढवला तरी वरचा जास्तच घेणार आणि टेलवाला न मिळालेल्या पाण्याचे जास्त पैसे भरणार. आधी पाणी मोजलं पाहिजे, दराचं त्यानंतर बघू.

आपल्याकडं २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करायचा कायदा झाला, त्यात हीच गोष्ट आहे. पाणी वापर संस्थेला, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या संस्थेला, घनमीटरवर कोटा, गेटवर मोजून पाणी, आत कोणतं पीक घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, आणि संचालक मंडळात हेडचे, मधले आणि टेलचे तिन्हीकडचे लोक. गेटवर मोजून घेतलं की चारीत जे पाझरलं, चोरलं, वाया गेलं ते संस्थेचंच नुकसान, म्हणून मग पाईप काढायला खात्याचा माणूस लागत नाही, शेजारीच काढतात. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर हे झालेलं आहे. ओझरचे लोक तिथं कालव्याच्या टेलला, पाण्याचं नाव नाही अशी स्थिती, आणि सुरुवात त्या टेलवाल्यांनीच केली, १९९१ च्या सुमारास तिथं पहिल्या तीन संस्था उभ्या राहिल्या, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं ते काम उचललं होतं. त्यांनी कोट्याचं पाणी घेऊन ओढ्यानाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडलं, विहिरी भरल्या, आणि पाळीची तारीख चुकली तरी विहिरीत पाणी असल्यामुळे लोकांची भीती गेली. पुढे अख्ख्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या.

मग भाऊ, तुम्ही काय करायचं? टेलच्या लोकांनी आधी एक व्हा, वरच्यांची वाट बघत बसू नका. संस्था कागदावर असेल तर तिची सर्वसाधारण सभा मागा. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे यावर रब्बीच्या पाळ्या ठरतात, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, त्याच्या आधी तुमचे अर्ज एकगठ्ठा गेले पाहिजेत. आणि शेजपाळीचा तक्ता, म्हणजे कोणाची पाळी कोणत्या दिवशी किती तास, चावडीवर लावून घ्या. तारीख भिंतीवर दिसली की त्या पाईपवाल्याची अर्धी भीती जाते.

नानासाहेब, माझी आजी फडाच्या गोष्टी सांगायची, पाटकरी, जागल्या वगैरे. ती पद्धत नेमकी काय होती, आणि ती आता परत आणता येईल का? — साक्रीहून एक ताई

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी त्या फडातच वाढलो.

पांझरेवर, मोसमवर, अशा आपल्याकडच्या नद्यांवर दगडी बंधारे बांधून त्यातून पाट काढायचे, ही काही शतकं जुनी रीत. पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी असं, आणि वर्षावर्षानं फिरतं. पाटकरी पाटाचं पाणी बघायचा, बारेकरी एकेका वावराला पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा, हवालदार या सगळ्यांवर. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचंच नाही. माझे वडील फडात दारं धरायला, म्हणजे वावरात पाणी वळवायला, कधी गेलेच नाहीत, सकाळी जाऊन फक्त बघून यायचे, बारेकऱ्यानं भरलं का. या पाटकरी-बारेकऱ्यांची मजुरी पिकाच्या वाट्यानं, म्हणजे पीक आलं तर पाटकऱ्याचं पोट भरलं. त्याला कोणी वरून पगार देत नव्हतं, म्हणून तो ज्याच्या वावरात पीक यायचं त्यालाच जबाबदार.

पण फडाचा खरा गाभा वेगळा आहे आणि तो बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक घराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा. एक वरच्या फडात, एक मधल्या, एक खालच्या. म्हणजे कोणीच नुसता हेडवाला नाही आणि कोणीच नुसता टेलवाला नाही! खालच्या फडाला पाणी नाही मिळालं तर वरच्या तुकड्याच्या मालकाचंही नुकसान, कारण खाली त्याचाही तुकडा आहे. आणि नदीला पाणी कमी असलं तर यंदा एक फड कोरडा ठेवायचा असं सगळे मिळून ठरवायचे. कोरड्या फडात सगळ्यांचंच थोडंथोडं गेलं, एकाच घरावर सगळा दुष्काळ कोसळला असं व्हायचं नाही.

परत जशीच्या तशी येणार नाही, ताई. नदीवर वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, वाटण्या होऊन होऊन तुकड्यांचे पट्टे झाले, आणि आजच्या पोराला एकाच पिकात बांधून ठेवणं बरोबरही नाही. पण ती गाठ परत मारता येते, वरच्याचं काहीतरी खालच्यावर अडलं पाहिजे ही गाठ. मोजून मिळणारा एकत्र कोटा हा त्याचाच आजचा अवतार आहे असं मी मानतो. आजी असतील तर त्यांच्याकडून फडांची नावं, बारेकऱ्याला काय मिळायचं, हे सगळं लिहून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते सांगणारी माणसं कमी होत चाललीत.

काका, आमच्याकडं केळीला शंभर टक्के ड्रिप आहे, पाणी वाचतं म्हणतात, मग बोअरची पातळी दरवर्षी खालीच का जाते? — रावेरचा एक तरुण केळी उत्पादक

कारण बाळा, ड्रिपनं वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, ते शेजारच्या नवीन केळीबागेत गेलं. तू तीन एकराचं पाणी वाचवून पाच एकर केळी केलीस, चुकीचं नाही केलंस, कोणीही हेच करेल, पण जमिनीच्या पोटातून उपसा तेवढाच राहिला किंवा वाढला. शिवाय पूर्वी पाटानं दिलेल्या पाण्यातलं काही खाली झिरपून विहिरीतच परत यायचं, ते आता येत नाही. ड्रिपचा फायदा आहेच, खत वाचतं, मजुरी वाचते, घड चांगला येतो, पण ड्रिप म्हणजे आपोआप भूजल वाढलं असं होत नाही.

दुसरं विजेचं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल माफ झालं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, ते मी नाकारणार नाही, पण आणखी एक तास मोटार चालवायची किंमत आता शून्य आहे, आणि लाईट रात्री येते म्हणून मोटारीचा ऑटो स्विच टाकून आपण झोपतो. तुमच्या भागाला सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा लाभलाय, पाऊस तिथंच खाली मुरतो, तो पट्टा म्हणजे तुमची बँक, आणि आपण बँकेत भरायचं सोडून नुसतं काढतोय. शिरपूरला नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांचं ते काम, जाऊन बघून ये. पण नुसतं मुरवणंही पुरत नाही, मुरवलेलं कोण किती उपसणार हे ठरलं नाही तर ज्याचं बोअर जास्त खोल तो घेऊन जातो. हिवरे बाजारनं मुरवलंही आणि शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद असं ठरवलंही. रावेरला केळी बंद करा असं मी म्हणणारच नाही, तुमचं घर त्यावर चालतं. पण यंदा पाऊस किती झाला त्यावरून गावात नवीन लागवड किती करायची एवढं तरी ग्रामसभेत बोला.

सर, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बाहेरच्या देशांत पण टेलची अशीच अडचण असते का? — धुळ्याची विद्यार्थिनी

असते, आणि फार सारखी असते. एक उदाहरण लक्षात ठेव, नेपाळचं. तिथं शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले पाट, नदीत दगडमातीचे कच्चे बांध, दरवर्षी पुरात वाहून जाणारे. आणि दुसरीकडं सरकारनं बांधलेले पक्के सिमेंटचे बंधारे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी (त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली तर टेलला पाणी कच्च्या बांधाच्या पाटांवर जास्त पोचत होतं! कारण बांध दरवर्षी नव्यानं घालायला खालच्या लोकांचे हात लागायचे. पक्का बंधारा झाला की वरच्यांना खालच्यांची गरजच उरली नाही. साक्रीच्या ताईंना मी जी गाठ म्हणालो ती हीच. श्रीलंकेत गल ओयाला १९८० च्या दशकात गावागावांत तरुण संघटक राहायला पाठवले, त्यांनी लोकांना बसवून बोलतं केलं, आणि ज्या वर्षी धरणात पाणी फार कमी होतं त्याच वर्षी लोकांनी चाऱ्या साफ करून खाली पाणी सोडलं. पंजाब-हरियाणाची आणि पाकिस्तानची वारबंदीही वाच, तिथं ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याची आठवड्यातली मिनिटं ठरलेली.

नाना, आमच्या चारीला मीटर नाही. पाणी किती येतंय ते कसं कळणार? — चोपड्याहून

टेप, मोबाईलमधलं घड्याळ आणि एक सुकं लाकूड एवढं पुरे. चारीचा सरळ, साफ असा २० फुटांचा भाग मोजून दोन खुंट्या ठोका. पाण्याची रुंदी मोजा, खोली तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी काढा. वरच्या खुंटीपाशी लाकूड मधोमध सोडा आणि खालच्या खुंटीपर्यंत किती सेकंद लागले ते बघा, असं तीनदा करा. समजा रुंदी २ फूट, खोली १ फूट, आणि २० फुटाला २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला १ फूट. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८ नं गुणायचं. २ × १ × १ × ०.८ म्हणजे १.६ क्यूसेक, म्हणजे सेकंदाला १.६ घनफूट पाणी.

आता हे पक्कं ध्यानात ठेवा, १ क्यूसेक पाणी १ तास चाललं की १ एकरावर १ इंच पाणी बसतं. गव्हाच्या एका पाळीला ३ इंच धरले तर १.६ क्यूसेकला एकराला दोन तासांच्या आत काम व्हायला पाहिजे. कोणी पाच तास घेत असेल तर एक तर चारी फुटलीय, नाहीतर वावरातले सारे (पाणी द्यायचे पट्टे) फार लांब आहेत, नाहीतर पाणी दुसरीकडं चाललंय. हीच मोजणी त्याच दिवशी हेडला करा आणि टेलला करा, दोन्ही आकडे तारीख-वेळेसकट वहीत लिहा, आणि मोजताना वरच्या दोन शेतकऱ्यांना मुद्दाम सोबत घ्या, म्हणजे सभेत तो आकडा तुमचा एकट्याचा राहणार नाही.